परातीतल्या लाटा

रविवारचा फोन यायच्या आधीच ओगले सरांनी परातीत पाणी भरून ठेवलं होतं. परदेशात क्वांटम कॉम्प्युटरवर काम करणारी लेक पडद्यावर दिसली, तसा त्यांनी नेहमीचाच प्रश्न काढला, "तुमच्या त्या यंत्राला साध्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त जमतं, ते कशामुळे गं?"

"दोन्ही हातांची बोटं एकदम बुडवा, बाबा. लाटा काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात, काही ठिकाणी दुप्पट उंच होतात, दिसतंय? आमच्या यंत्रात सगळ्या उत्तरांच्या अशाच लाटा असतात. चुकीची उत्तरं आपापसात पुसली जावीत आणि बरोबर तेवढं उरावं, अशी आम्ही त्यांची जुळणी करतो. साधा कॉम्प्युटर बिचारा एकेक उत्तर तपासत बसतो."

"छे, डोक्यात नाही शिरत," सर म्हणाले. समजलं म्हटलं की ती फोन ठेवणार आणि मग आठवडाभर घरात माणसाचा आवाज म्हणून ऐकू येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाबा, लाटांची ही गंमत सातवीत तुम्हीच मला दाखवली होतीत. याच परातीत."

सरांनी पाण्यातून हात काढून घेतले.

"पण पुढच्या रविवारी परत विचारा हं," ती घाईघाईनं म्हणाली. "इथं मला कोणीच काही विचारत नाही."