अकरा कोंबड्या

मनोरमाबाईंना पडल्या पडल्या मुलगा दिसावा, म्हणून फोन पलंगाच्या सरकत्या टेबलावर उभा केला होता. मुलगा दिसत नव्हता. दिसत होत्या पाच कोंबड्या, रियाधमधल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात, ओल्या गोणपाटाच्या सावलीला चोची वासून उभ्या.

“सकाळचे सात वाजलेत आणि अडतीस डिग्री,” फोनच्या मागून माधव म्हणाला. “चोच उघडी दिसली की समजायचं, जीव घाबरा झालाय. मग बर्फ द्यायचा. चुरा करून, थोडा थोडा. एकदम नाही.”

इकडे जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला सहा वाजले होते. शुभा सासूच्या उशाशी बसली होती. घरी येऊन आजाऱ्याचं करणारी नर्स, फ्राऊ केसलर, काल जाताना दारात थांबली होती. मुलाला दोन-चार दिवसांतच बोलवा, पुढचं मी सांगत नाही, एवढंच म्हणाली. ऐंशी पार केलेल्या मनोरमाबाईंचं खाणं सुटलं होतं, बोलणं सुटलं होतं. दोन दिवस तोंडही मिटत नव्हतं. कान मात्र शाबूत होते. ‘माधव’ म्हटलं की डोळे दाराकडे जायचे.

आणि त्यांचा हा एकुलता एक माधव तीन महिने ‘येतोच’ म्हणत होता. आधी प्रोजेक्ट, मग रजा, आणि उन्हाळा तापल्यापासून कोंबड्या. आधीच्या भाडेकरूनं मागे सोडलेल्या या पाच जणींवर त्याचा इतका जीव जडला होता, की चांगलं घर मिळाल्याशिवाय त्यांना टाकून येणं त्याला पाप वाटे. माणसाला कुठलं पाप कधी दिसेल, सांगता येत नाही. शेवटी शुभानंच इथे बसून कंबर कसली. रियाधच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आठ दिवस विचारपूस करून तिनं मोहनराव नावाचे गृहस्थ शोधले. त्यांच्याकडे स्वतःच्या सहा कोंबड्या होत्या, शेड होती, कूलर होता. आज रविवारी, उन्हं चढायच्या आत, ते गाडी घेऊन येणार होते. संध्याकाळच्या विमानाचं तिकीटही तिनंच काढलं होतं.

“बॅग भरलीस?” तिनं विचारलं.

“भरतो ना. आधी यांचं होऊ दे.”

तेवढ्यात तिकडे बेल वाजली. शुभाला हायसं वाटलं. ती सासूच्या कानाशी वाकली. “आई, कोंबड्या न्यायला माणूस आला बघा. आता माधव निघेल. उद्या सकाळी इथे असेल.”

मनोरमाबाईंची बोटं चादरीवर हलली.

पडद्यावर फाटक उघडलं. घामानं निथळणारे मोहनराव दोन प्लॅस्टिकचे क्रेट घेऊन आत आले. ते त्यांनी सावलीत ठेवले आणि झाकणं काढली. क्रेट रिकामे नव्हते. एकेकात तीन तीन कोंबड्या होत्या.

“वहिनी आहेत का फोनवर?” मोहनरावांनी वाकून पाहिलं. “वहिनी, माधवरावांनी फार मोठे उपकार केले हो. माझं कॉन्ट्रॅक्ट अचानक संपलं, परवा निघायचंय. तुमच्या पाच नेता येणार नाहीत, हे सांगायला गुरुवारी फोन केला, तर हेच म्हणाले, तुमच्या सहाही माझ्याकडे आणून सोडा. नाहीतर खाटकाकडे द्याव्या लागल्या असत्या.”

“गुरुवारी,” शुभा म्हणाली. “माधव, तिकीट मी शुक्रवारी काढलं. तुला विचारून काढलं.”

माधवनं कॅमेरा स्वतःकडे वळवला. “दोन आठवडे पुढे ढकल ना. हे बघ, नव्या कोंबड्या जुन्यांत लगेच मिसळत नाहीत गं, टोचून टोचून मारतात एकमेकींना. कुणीतरी जवळ हवं. मुक्या जनावरांना असं वाऱ्यावर सोडून कसा येऊ मी?”

शुभाला असा संताप आला, की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. तिनं तो उचलला आणि सासूच्या चेहऱ्यासमोर धरला, अगदी जवळ.

“हे आईंना सांग.”

माधव आईकडे बघत राहिला. तो कळवळला, ते काही खोटं नव्हतं.

“अगं, तोंड उघडं आहे तिचं,” तो म्हणाला. आवाज हळवा झाला होता, मघाशी कोंबड्यांबद्दल बोलताना होता तसाच. “घसा सुकलाय. बर्फ दे तिला. चुरा करून, थोडा थोडा.”

बर्फाची वाटी टेबलावरच होती. पाणी घशात अडकतं, तेव्हा बर्फानं ओठ ओले करत जा, असं फ्राऊ केसलरनं सांगून ठेवलं होतं. शुभानं फोन परत टेबलावर उभा केला आणि चमचा भरला.

“आई, घ्या.”

मनोरमाबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग दोन दिवस न मिटलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं. शुभानं चमचा ओठांना लावला, पुन्हा लावला. बर्फ वितळून हनुवटीवरून उशीवर ओघळला.

“घेतला का?” माधव विचारत होता. त्याची नजर पुन्हा क्रेटकडे गेली होती. “कोंबड्यांना तर लगेच तरतरी येते बघ.”