बोटीच्या पोटात

"हिच्या पोटात हवा आहे, ताई. हवा आहे तोवर बोट, नाही तर परात," मनोहरराव सांगत होते. "कुठे घासू नका, टोचू नका, माणसं कोंबू नका. लहान लेकराकडे बघता ना, तसं बघा."

अश्लेषा नुसती हो-हो म्हणत होती आणि बोटीच्या कडेवर चढलेल्या ऋषीला खाली ओढत होती. बोट विकणारे सगळेच असं बोलत असतील, असं तिला वाटलं. एका लेकराकडे बघता बघता तिचा जीव अर्धा व्हायचा, त्यात बोटीकडे कोण बघणार?

ती निळी फायबरची बोट मनोहररावांच्या हिंगण्याच्या कारखान्यातून थेट तलावावर गेली. तिथला नौकाविहाराचा ठेका अश्लेषाच्या नवऱ्याला, जितेंद्रला, नुकताच मिळाला होता. सासूबाईंनी, कुसुमताईंनी, नारळ फोडला, लिंबू ओवाळून टाकलं. सगळे चहाला गेले तरी त्या बोटीपाशी एकट्याच रेंगाळल्या.

पावसाळा सरता सरता बोट बुडाली.

वारा नव्हता, लाट नव्हती. मागचा भाग हळूहळू खाली बसत गेला आणि झोपेत कूस बदलावी तशी बोट उलटली. सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं, म्हणून सगळे वाचले. ऋषी मागच्या फळीवर बसला होता. तो सगळ्यांत शेवटी सापडला, उलट्या बोटीखाली.

जितेंद्रने ग्राहक आयोगात दावा लावला. मनोहररावांचं म्हणणं एकच, माणसं जास्त बसवली असणार. निकालापर्यंत बोटीला कोणी हात लावायचा नाही, असं वकिलांनी बजावलं. म्हणून ती अंगणात कडुलिंबाखाली पालथी पडून राहिली.

आणि गळत राहिली.

नागपूरचा मे महिना. दोरीवरचं फडकं काढायला जावं तर पापडासारखं कडक झालेलं. पण बोटीखाली, मागच्या फळीपाशी, मातीचा तेवढा तुकडा कायम ओला. अश्लेषा रोज वाकून बघायची. ऋषी बोटीला कान लावून बसायचा.

"आई, आत कोणीतरी आहे. पाणी पिऊन राहिलं."

"कोणी नाही रे. चल, जेवायला चल."

पण तो आवाज तिलाही ऐकू यायला लागला होता. माठात पेला बुडवला की यायचा. ऋषीने शाळेची बाटली तोंडाला लावली की यायचा. गुडुप, गुडुप.

"काहून वं, एवढी सुकून चालली?" कुसुमताई म्हणायच्या. "लेकरू वाचलं ना? माझा बंदोबस्त होता म्हणून वाचलं. नाही तर बस तुही शिकलेली अक्कल अन् ते जॅकिट धरून."

त्यांच्या देव्हाऱ्यात सतत तेवणारा दिवा अश्लेषाच्या डोळ्यांपुढे यायचा. बंदोबस्त म्हणजे तोच, असं धरून ती कामाला लागायची.

आयोगाने पाठवलेल्या इंजिनियरने बोट आडवी करून तळाला भोक पाडलं. पाण्याची धार उडाली. तळाच्या दोन थरांमध्ये हवा हवी होती, तिथे पाणी. बाहेरून तर साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे कारखान्यातला जोडच कच्चा, असं त्याने लिहून दिलं. नवी बोट द्यावी, असा निकाल लागला.

बाहेर जिन्यात मनोहरराव भेटले.

"माझ्या बोटीत खोट नव्हती, ताई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तिला भीती वाटली ती त्याचीच. "आता देईन ती दुसरी पण माझ्याच हातची असेल. सांभाळा."

"हरलेला माणूस बोलणारच," जितेंद्र नंतर म्हणाला.

नवी बोट पिवळी होती. अश्लेषाने तिचा एकेक जोड बोटाने चाचपला. मग ती रिकामीच तलावात बांधून ठेवायला लावली. चांगले चार-सहा दिवस. थेंबही आत आला नाही. तेव्हा कुठे तिने पूजेला होकार दिला. कुसुमताईंनी पुन्हा नारळ फोडला. पाऊस लागला, बोटीत साचलेलं पाणी उपसत नौकाविहारही सुरू झाला. अश्लेषाला झोप यायला लागली.

ऋषीची भीती मोडायला हवी, असं जितेंद्रच्या मनात होतं. रविवारी तो त्याला घेऊन गेला. अश्लेषाने जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले. दुपारी ती सासूबाईंसोबत शेंगा सोलत बसली होती, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. ऋषी मागच्या फळीवर. चारी बाजूंना पाणी. आणि तो चक्क हसत होता.

"आई, गंमत सांगू? हिच्यात पण कोणीतरी आहे! हे पण पाणी पिऊन राहिलं!"

चित्र थिजलं. फोन तुटला.

तिने परत लावला. लागेना. परत लावला.

"आई, तिच्यात पाणी कसं येईल?" सासूबाईंना विचारताना तिचा आवाज चिरकला. "आपण बांधून बघितली होती ना!"

"घाबरू नको वं," कुसुमताई शेंग फोडत म्हणाल्या. "तू हसली असती म्हणून तुले सांगितलं नव्हतं. काळ्या घोड्याची अस्सल नाल आहे, इतवारीतून आणली. मागच्या फळीखाली, आतून तळाले, कोणाच्या नजरेले पडत नाही अशी. निकाल लागल्यावर पहिल्या बोटीची उपटून ठेवली होती, तीच पूजेच्या दिवशी हिलेही ठोकली." त्यांनी आपलं बोट उभं धरून दाखवलं. "चांगले एवढाले खिळे मारले."

तलावाजवळच्या वस्तीच्या ग्रुपवर अश्लेषाने लिहिलं, 'तलावाकडे कोणी असाल तर जरा बघा हो. पिवळी बोट आहे. मागच्या फळीवर एक लहान मुलगा बसलाय. बसलाय का, तेवढं बघून सांगा.'