गळकं छत

बाबांचं दैनिक बंद पडलं, तेव्हापासून त्याची इमारत रिकामीच आहे. संपादकांच्या खोलीतल्या हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेत, घड्याळाच्या जागी भिंतीवर नुसता फिकट गोल उरलाय, आणि छपाईच्या खोलीतलं छत असं गळतं की खाली बादली ठेवावी लागते. बाबा घरी अंथरुणाला खिळलेत, पण रोज न चुकता विचारतात, "छत झालं का गं?"

कसलं होतंय! इमारत ऐतिहासिक ठरलीय, म्हणून परवानगीशिवाय साधा खिळा ठोकता येत नाही. सरकारी कचेरीत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. आज कुठे साहेब स्वतः पाहायला आले, बादलीला वळसा घालून सगळीकडे फिरले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. फक्त दुरुस्तीची जाहीर सूचना छापून आणा, लगेच सही करतो."

"एवढंच ना? उद्याच आणते."

"या शहरातून निघणाऱ्याच दैनिकात हवी, बरं का. बाहेरचं चालत नाही. नियम आहे."

माझं डोकंच फिरलं. "अहो साहेब, या शहरातून एकच दैनिक निघायचं. त्याच्याच ऑफिसात उभे आहात तुम्ही!"

साहेबांनी भिंतीवरच्या फिकट गोलाकडे पाहिलं, मग बादलीकडे. फाइल मिटली आणि शांतपणे म्हणाले,

 

"मग आधी ते सुरू करा."