चावणारा खण
विचित्र कथांच्या ऑनलाइन वाचनगटाचा नियम साधा होता: कथेची निवड होईपर्यंत लेखकाचं नाव झाकून ठेवायचं. निवड तिचा नवरा करायचा. त्याच्या पारखीवर सगळा गट फिदा. गेल्या रविवारी चार्जर शोधायला वेळ लागला म्हणून त्याने तिचा हात टेबलाच्या खणात असतानाच लाथ मारून खण बंद केला. तीन बोटं मोडली. डाव्या हाताने तिने कथा लिहून गुपचूप पाठवली. आज तो कॅमेऱ्यासमोर हरखून वाचत होता. “बोटं चावणारा खण! काय डोकं आहे राव! हीच निवडली. पण शेवट कुठाय? लेखकमहाशय, बोला की!” त्याने चार्जरसाठी खणात हात घातला. तिने चहाचा कप ठेवला आणि जीव खाऊन खणाला लाथ घातली. त्याची चार मोडली. “हा शेवट,” ती गटाला म्हणाली, “आता नाव सांगते.”