पहिला गिअर

स्मृतीनं बँकेतली नोकरी सोडून रेसच्या गाड्यांचं काम सुरू केलं, तेव्हापासून तिचे वडील, अप्पा, तिच्याशी बोलत नव्हते. मळमड्डीतल्या घरापुढं उभ्या असलेल्या तिच्या गाडीकडं ते मान वळवूनही बघायचे नाहीत.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. स्मृती पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवत होती, तेवढ्यात आईनं किल्ली अप्पांच्या हातात दिली. "लिंबं चिरडायचा मान मोठ्यांचा," असं म्हणून ती स्मृतीच्या लेकीला कडेवर घेऊन गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. अप्पा आत बसले.

इंजिन गरजलं आणि स्मृतीला एकदम गिअर आठवले. गेल्याच महिन्यात तिनं रेसचा गिअरबॉक्स बसवला होता. इतर गाड्यांत जिथं पहिला गिअर असतो, तिथं या गाडीत रिव्हर्स होता आणि पहिला त्याच्या खाली. आयुष्यभर जुनी गाडी चालवलेल्या माणसाचा हात सवयीनं वरच जाणार होता.

"अप्पा, थांबा! आई, बाजूला हो!"

इंजिनाच्या आवाजात कुणालाच काही ऐकू गेलं नाही. अप्पांचा हात गिअरवर गेला. स्मृती मागं धावली, पण तोवर त्यांनी क्लच सोडला होता.

गाडी अलगद पुढं सरकली. लिंबं फुटली.

धापा टाकत ती खिडकीशी आली. "अप्पा, पहिला खाली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अप्पांनी इंजिन बंद केलं.



"तू आंघोळीला गेलीस की रोज इथं बसून गिअर टाकून बघतो की मी," ते समोर बघतच म्हणाले.