चिमणीएवढ्या उंचीवरून

"जेवढं वर जाईल, तेवढे पैसे जास्त का?" माझ्या नव्याकोऱ्या ड्रोनकडे बघत बाईंनी विचारलं.

"नाही मावशी, फोटोंवर दर आहे. लग्नाचा वेगळा, प्लॉटचा वेगळा." पहिलंच गिऱ्हाईक होतं, पण सूट द्यायची नाही असं मी ठरवूनच बसले होते.

"आमच्या मालकांना उंचीवर मजुरी मिळायची. साखर कारखान्याची चिमणी रंगवायचे. गेल्या वर्षी तिथूनच पडले. वरून तू अंगणात दिसतेस, म्हणायचे. मला फोटो नको. खरंच दिसतं का, तेवढं बघून सांग."

नुसतं बघण्याचा दर माझ्या कागदावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या अंगणात उभ्या राहिल्या. मी कारखान्याच्या कुंपणाबाहेरून ड्रोन चिमणीच्या टोकाएवढा वर नेला आणि कॅमेरा त्यांच्या घराकडे वळवला. स्क्रीनवर भलीमोठी चिंच आली. तिच्याआड घराचं एक कौलही दिसेना, मग अंगण कुठलं!

फोन वाजला. "दिसते का गं मी?"

"दिसताय की, मावशी."

"काय करतेय?"

"हात हलवताय," मी ठोकून दिलं.

"तेही रोज घरी येऊन हेच सांगायचे. पण मी कधी हात वर केलाच नाही गं, लोक हसतील म्हणून." मग हळूच म्हणाल्या, "आज केलाय."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. चिंच वाऱ्यावर हलत होती.