चावलेली पेन्सिल

टेनेसीतल्या जत्रेत, रंगमंचामागच्या खोक्यावर बसून डेला घरी आजीपाशी असलेल्या लेकीला फोनवरून झोपवत होती. गिटारीच्या तारा दाबून सूर चढवायचा पितळी चिमटा सापडेना, म्हणून लेकीचीच चावलेली पेन्सिल रबराने तारांवर बांधून तिने सुराची पट्टी चढवली आणि रेडिओवर गाजलेली तिचीच जुनी अंगाई धरली. “हे नको आई, हे सगळ्यांचं झालंय. माझं म्हण.” थकलेल्या डेलाने चिखलात लोळणाऱ्या कुत्र्याचं काहीबाही जुळवलं. पलीकडे खुदखुद हसू, मग संथ श्वास. “हेच गा की बाई आज,” साथीचा गिटारवाला हॉलिस म्हणाला. “रेकॉर्ड कंपनी नवं गाणं मागून दमली. त्या अंगाईवर किती वर्षं काढणार?” खरंच होतं ते. अंगाई गाताना आताशा तिला लेक आठवतही नसे. बाहेर तिच्या नावाचा पुकारा झाला. डेलाने रबर सोडवून पेन्सिल खिशात ठेवली. “चिमटा दे तुझा. अंगाईच म्हणूया.”